आधी वाट, मग चाक : खडकीच्या यंत्रवारशाविषयी

५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारी खडकीच्या माळावर पेशव्यांचे घोडदळ इंग्रजी फळीवर चालून गेले. बापू गोखल्यांनी निवडलेले हे स्वार होते. त्यांची संख्या समोरच्या फौजेपेक्षा कितीतरी अधिक होती, घोडे ताजे होते आणि बाजीराव पर्वतीवरून हे सारे पाहत होता. दापोडीहून येणाऱ्या कॅप्टन फोर्डच्या पलटणीवर तुटून पडताना मोरो दीक्षित तोफेच्या माऱ्यात पडले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. मात्र त्या दिवशीचा निकाल ज्या गोष्टीने लागला, ती पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकली जाते. इंग्रजी फळीच्या पुढे एक दलदल होती. गवताखाली ती दिसत नव्हती. भरधाव आलेले घोडे तिच्यात रुतले, मागचे पुढच्यांवर आदळले आणि थांबलेल्या गर्दीवर बंदुकांच्या फैरी झडल्या. एल्फिन्स्टनच्या हाताखालचा जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, त्या दिवशी तिथे हजर होता. ही दलदल त्याने नोंदवून ठेवली आहे. नावात खडक असलेल्या गावाने चिखलात एक राज्य बुडवले, असे म्हटले तर ते थोडे नाटकी होईल. पण जमीन आधी कोणी पाहून ठेवली नव्हती, हे मात्र खरे.

लढायांच्या इतिहासात घोडा दिसतो, तलवार दिसते. जमीन दिसत नाही. वाहनांच्या इतिहासातही तेच होते. जगात मोटारींची आणि विमानांची जी नामांकित संग्रहालये आहेत, तिथे चकाकणारी बॉनेटे, पितळी दिवे, पंखे आणि इंजिने मांडलेली असतात. लोक मुलांना घेऊन जातात, दिवस मजेत जातो. इंग्लंडात ब्रुकलँड्सला १९०७ साली मोटारींच्या शर्यतीसाठी काँक्रीटचा मुद्दाम बांधलेला मार्ग तयार झाला. त्याच आवारात पुढे विमाने बनू लागली आणि आता दोन्हींचे संग्रहालय तिथेच आहे. त्या जागेचे मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की तिथे मोटारीइतकाच तो जुना, भेगाळलेला, कलता मार्गही जपून ठेवलेला आहे. म्हणजे चाकाबरोबर वाटही.

आपल्याकडे अशी एखादी जागा कुठे असू शकेल, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा खडकीला येऊन पोचतो. मुळा नदीच्या काठी दोन-तीन मैलांच्या आत इथे जे आहे ते मोजून पाहावे. दारूगोळा कारखाना १८६९चा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे येऊन स्थिरावलेले बॉम्बे सॅपर्स. रणगाड्यांचे सुटे भाग सांभाळणारा लष्करी डेपो आणि लष्कराचे दुरुस्ती वर्कशॉप. रेल्वेलगत १९४६ साली निघालेला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना. पलीकडे दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, जे रुरकीहून १९४८ साली इथे आले. आणि तिथेच एसटीचे मध्यवर्ती वर्कशॉप. यातले बहुतेक सारे कुंपणाच्या आत आहे. जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने जाणाऱ्याला फक्त लांबच लांब भिंत, पहारेकरी आणि चिंचेची झाडे दिसतात.

यात किर्लोस्करांचे इंजिन जरा वेगळे. ते कुठेच जात नाही. विहिरीच्या काठावर एका जागी बसून धूर सोडत पाणी उपसते. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांना यंत्राचा पहिला आवाज ऐकू आला तो मोटारीचा नव्हे, या इंजिनाचाच. रात्री दूरच्या मळ्यातून येणारी त्याची ठेक्यातली धडधड ऐकत झोपलेली एक पिढी अजून आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणरावांचे हे घराणे लोखंडी नांगरावरून डिझेलपर्यंत कसे आले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे तो बाजूला ठेवतो.

मला सांगायचे आहे ते सफरमैनांविषयी. हा शब्द आता फारसा वापरात नाही. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ हे इंग्रजी नाव शिपायांच्या जिभेवर घोळून ‘सफरमैना’ झाले. त्यात सफरही आली आणि मैनाही. काम मात्र मुळीच गाणाऱ्या पाखराचे नव्हे. सुरुंग पेरायचे, शत्रूने पेरलेले काढायचे, नदीवर पूल टाकायचा, डोंगर फोडून गाडीरस्ता करायचा. फौज पुढे सरकते ती यांनी केलेल्या वाटेवरून, आणि माघार घेते तीही यांनीच शेवटी उडवायच्या ठेवलेल्या पुलावरून.

वाटेचा हा प्रश्न फक्त जमिनीवरच्या गाड्यांचा नव्हता. खडकीहून नदी ओलांडली की येरवडा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन एक छोटे पस मॉथ विमान जुहूला आणले. भारतीय विमानवाहतुकीची सुरुवात म्हणून तो दिवस सांगितला जातो. वाटेत अहमदाबादला त्यांनी इंधन घेतले. पेट्रोलचे डबे तिथे बैलगाडीतून आणलेले होते. विमानाला बैलगाडीने इंधन पुरवावे यात आज गंमत वाटते. पण तेव्हा देशात जेवढी वाट होती ती बैलगाडीचीच होती.

जुहूचे मैदान समुद्राला लागून, भरतीच्या पातळीखालचे. पावसाळा आला की त्याचा चिखल व्हायचा आणि विमान उतरवणे अशक्य होई. तेव्हा टाटांचे सगळे बिऱ्हाड, म्हणजे दोन विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक, पुण्याला हलवले जाई. विमानतळ म्हणून त्यांना वापरायला मिळाले ते येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेतले एक मैदान. टाटांच्या टपालसेवेचा पहिला पावसाळा १९३३चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजी पुन्हा काही दिवस त्या तुरुंगात होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण पुण्याच्या इतिहासात त्या एवढ्या जवळ आहेत हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने एक लाख साठ हजार मैल उड्डाण केले, दहा टनांहून थोडे अधिक टपाल आणि १५५ प्रवासी नेले. आज पुण्यात विमान म्हटले की लोहगाव आठवते. तो तळ १९३९चा, युद्धाच्या तोंडावरचा. त्याआधी काही पावसाळे देशाची हवाई टपालसेवा येरवड्याच्या गवतावर उतरत होती, याची आठवण देणारे काही तिथून जाताना दिसत नाही. इतिहासाच्या पाट्या लावण्याची हौस असलेल्या या शहरात ही एक पाटी राहून गेली आहे.

पुन्हा सफरमैनांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात सुदान आणि अॅबिसिनियाच्या सीमेवर गल्लाबात-मेतेम्मा इथून माघार घेणाऱ्या इटालियनांचा पाठलाग चालू होता. मागे हटताना त्यांनी रस्ताभर सुरुंग पेरले होते. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत सर्वात पुढच्या गाडीत होते. पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी अशी ही छोटी चिलखती गाडी; तिला कॅरिअर म्हणत. १९४१च्या जानेवारीअखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी, चार दिवसांत, ५५ मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रे त्यांनी मोकळी केली. दोनदा त्यांच्या पायाखालची गाडी उडाली, कानाचे पडदे फाटले, तरी ते काम सोडायला तयार नव्हते. त्या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय अधिकारी. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर या कथेत दोन वाहने आहेत आणि ती दोन्ही मोडलेली आहेत. संग्रहालयात ठेवायला काही उरले नाही. उरली ती ५५ मैलांची वाट.

त्यानंतर सात वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या पहिल्या युद्धात, हीच गोष्ट काश्मीरमध्ये घडली. तिचा नायक रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिये गावचा. १९४० साली ते शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, आराकानात लढले आणि १९४७च्या डिसेंबरात अधिकारी झाले. एप्रिल १९४८मध्ये नौशेराहून राजौरी घ्यायची होती. रणगाडे होते सेंट्रल इंडिया हॉर्सचे, स्टुअर्ट जातीचे हलके. पण डोंगरातला रस्ता अडवलेला होता. ठिकठिकाणी चिडाची झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, सुरुंग पेरलेले आणि वरच्या टेकाडांवर मशीनगन.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले. पाच जण जखमी झाले, त्यांत राणेही होते. तरी ते रणगाड्यांबरोबरच राहिले. या मोहिमेतली एक हकिकत खडकीत नेहमी सांगितली जाते. सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाडा न्यायचा होता आणि उभे राहून सुरुंग शोधणे गोळीबारात शक्य नव्हते. राणे रणगाड्याखाली शिरले. रणगाडा पुढे सरकेल तसे त्याच्या पोटाखालून सरपटत ते सुरुंग पाहत गेले आणि दोरी ओढून आतल्या चालकाला थांब-चल सांगत राहिले. स्टुअर्ट रणगाड्याचे पोट आणि जमीन यांत अंतर दीड फूटही नसते. हा आकडा वाचायला सोपा आहे. जेवणाच्या पाटावर बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंतसुद्धा तो पोचत नाही.

शौर्यपदकाच्या मानपत्रात पुढच्या तीन दिवसांच्या वेळा नोंदलेल्या आहेत, आणि मला त्या वेळा दोरीच्या हकिकतीपेक्षाही बोलक्या वाटतात. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे यांनी कामाला हात घातला. समोर पाच मोठ्या चिडांचा अडथळा, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. साडेसहाला तो मोकळा झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि ढासळवलेले कठडेच. साडेदहापर्यंत रणगाडे पुढे निघाले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. रणगाड्यांचे काम झाले होते. पण राणे थांबले नाहीत, कारण मागून रसद घेऊन ट्रक यायचे होते. रणगाडा नदीच्या पात्रातून जाऊ शकतो, ट्रक जाऊ शकत नाही. त्यांच्यासाठी वाट करण्यात रात्रीचे नऊ वाजले. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि पुढच्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत काम. १२ एप्रिलला राजौरी ताब्यात आली. राणे यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते स्वीकारायला ते जिवंत होते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले.

राजौरीच्या पलीकडे पुंछ होते. ते शहर वेढ्यात सापडले होते, आत हजारो निर्वासित, आणि तिथपर्यंत रस्ताच नव्हता. तिथे वाट आकाशातून काढावी लागली. १९४७च्या अखेरीस ब्रिगेडिअर प्रीतमसिंग यांच्या सैनिकांनी आणि त्या निर्वासितांनी मिळून शत्रूच्या नजरेसमोर एक धावपट्टी तयार केली. एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी तिच्यावर डाकोटा विमान उतरवून दाखवले आणि मग तोफा, धान्य, औषधे येऊ लागली. वर्षभराने, नोव्हेंबर १९४८मध्ये, जमिनीवरून येणारे सैन्य पुंछला जाऊन मिळाले. डाकोटा आज संग्रहालयांत दिसते, आणि दिसायलाही हवी. फार गुणी विमान. पण पुंछची पट्टी कोणाच्या हातांनी सपाट झाली त्यांची नावे कुठल्याही पाटीवर मावणार नाहीत एवढी आहेत.

१९४८ हे वर्ष मला या विषयात पुन्हा पुन्हा भेटते. एप्रिलमध्ये राजौरीचा रस्ता, आणि दीड महिन्याने, १ जून १९४८ रोजी, पुणे-नगर रस्त्यावर सरकारी एसटीची पहिली गाडी. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. लाकडी बांध्याची बेडफर्ड गाडी, काथ्याच्या गाद्यांची. त्याआधी खेड्यापाड्यांत धावत होत्या त्या खासगी ‘सर्व्हिस मोटारी’. युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून त्यांतल्या कित्येकांच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली असे. चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायचे. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही आणि कुठे किती पैसे घ्यायचे ते मालकाच्या मर्जीवर. एसटी आली म्हणजे नवे यंत्र आले असे नाही. गाड्या त्याच होत्या : शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड. नवे होते ते वेळापत्रक.

पहिल्या एसटीविषयी एक आकडा सगळीकडे छापून येतो : पुणे ते नगर भाडे नऊ पैसे. दर वर्षी १ जूनला वर्तमानपत्रे तो कौतुकाने देतात. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. १९४८मध्ये रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होत. दशमान नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ला. नऊ जुने पैसे म्हणजे सव्वादोन आणे. तेवढ्यात पंचाहत्तर मैल नेणारी मोटार कोणत्याही सरकारला आठवडाभरसुद्धा चालवता आली नसती. माझ्या मते हा दर मैलाचा असावा आणि तोही पैशांत नव्हे, पैंत. नऊ पै मैलाला धरले तर नगरचे भाडे साडेतीन रुपयांच्या आसपास जाते, आणि त्या काळच्या मानाने ते पटण्यासारखे आहे. ‘पै’चा ‘पैसा’ व्हायला एका मुद्राराक्षसाची झोप पुरते. आकडा स्वस्ताईची गोड आठवण म्हणून टिकला. पण त्या वेळी नगरला जाणे हा बऱ्याच घरांत विचार करून करायचा खर्च होता, हे त्या गोडव्यात हरवते.

‘रस्ता तिथे एसटी’ हे एसटीचे ब्रीद सर्वांना पाठ असते. त्यातला आधीचा शब्द रस्ता आहे. ती गाडी जिथपर्यंत गेली तिथपर्यंत कोणीतरी खडी फोडली होती. दुष्काळी कामावरच्या बायकांनी डोक्यावरून पाट्या वाहिल्या होत्या, बांधकाम खात्याच्या मैलकुल्याने पावसाळ्यात खड्डे बुजवले होते. एसटी खेड्यात पोचली याची आठवण गावोगाव सांगितली जाते. गाडीला हार घातलेला, नारळ फोडलेला. खडी फोडणाऱ्यांना हार घातल्याची आठवण मी तरी अजून ऐकलेली नाही.

त्याच जूनच्या ८ तारखेला मुंबईहून ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवासी घेऊन कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. एअर इंडिया इंटरनॅशनलचे हे पहिले उड्डाण. लाकडी एसटी आणि चार इंजिनांचे विमान यांत एका आठवड्याचे अंतर. या विमानाचा शेवट वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाजवळ येताना ते मों ब्लां पर्वतावर आदळले आणि आतले सर्व ४८ जण दगावले. बर्फातून त्यांच्याकडे निघालेला शामोनीचा वाटाड्या रने पायो हिमदरीत सापडून मेला. त्या पर्वताची हिमनदी अतिशय सावकाश खाली सरकते आणि पोटातल्या वस्तू वर्षानुवर्षांनी पायथ्याशी आणून टाकते. १९६६ साली तिथेच कोसळलेल्या ‘कांचनजंगा’ विमानातली, ज्यात होमी भाभा होते, भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी २०१२मध्ये अशीच बाहेर आली. आपल्या हवाई वारशाचा एक भाग असा परदेशी बर्फाच्या हवाली आहे, आणि तो बर्फ आपल्या हिशेबाने त्याचे प्रदर्शन भरवतो आहे.

आता प्रत्यक्ष पाहता येण्याजोगे काय आहे? पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे संग्रहालय आहे ते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथला कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४मध्ये सुरू झाला. माझे म्हणणे असे, की तिथे एसटीनेच जावे. शिवाजीनगरहून निघालेली गाडी येरवड्यावरून जाते, म्हणजे टाटांच्या पावसाळी मैदानाजवळून. मग वाघोली, पुढे कोरेगाव भीमा, जिथे खडकीनंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ रोजी, पुन्हा लढाई झाली. मग रांजणगाव, शिरूर, सुपे. हाच पहिल्या एसटीचा रस्ता. याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली.

संग्रहालयात उघड्यावर, झाडांच्या सावलीत रणगाडे उभे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉईसची चिलखती मोटार पाहून राजेरजवाड्यांच्या गाडीचे हे रूप ओळखू येत नाही. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे इंग्रजी. जपान्यांचे बुटके रणगाडे. ६५च्या युद्धात पकडलेले पॅटन. आवडीला बनलेला आपला विजयंता. मुले तोफेच्या नळीला लोंबकळायला धावतात आणि त्यांना रागावले जाते. छायाचित्रे काढून बहुतेक लोक तासाभरात बाहेर पडतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी एक करावे. एखाद्या हलक्या रणगाड्याजवळ बसून त्याच्या खाली पाहावे. पोटाचा पत्रा, खिळे, तेलाचे जुने डाग आणि खाली वीतभर-दोन वीत उजेड. राणे कुठून गेले ते तिथे कळते, पाटी वाचून कळत नाही.

नगरचे संग्रहालय घोडदळाचे आहे, घोडदळाच्या अभिमानाने मांडलेले आहे, आणि ते तसेच असायला हवे. माझी तक्रार त्याच्याशी नाही. तक्रार आहे ती आपल्या एकूण सवयीशी. शहरातल्या चौकात चौथऱ्यावर एक रणगाडा किंवा एक निवृत्त लढाऊ विमान ठेवले, रंग दिला, कारंजे बसवले, की वारसा जपला असे आपण समजतो. शेजारी सुरुंगशोधक ठेवावा, पहार ठेवावी, उडवलेल्या मोरीवर टाकायचा तात्पुरता पूल ठेवावा, असे कोणाला सुचत नाही. एसटीचे तिकीट, चिमटा आणि पंच आपण आठवणी म्हणून जपतो. रस्त्याचा रूळ मात्र तालुक्याच्या आवारात गंजत पडतो.

खडकीत सफरमैनांचे स्वतःचे संग्रहालय आहे, दापोडीच्या महाविद्यालयातही आहे. दोन्ही लष्करी हद्दीत असल्याने रविवारी सहज फेरफटका मारावा अशी ती जागा नाही, आणि सुरक्षेची कारणे समजण्यासारखी आहेत. पण वर्षातून काही दिवस, शाळांसाठी, ओळखपत्र पाहून का होईना, हे दार नियमाने उघडता येईल. खडकीच्या युद्ध दफनभूमीचे फाटक आजही उघडे असते. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या तिथल्या कबरींमध्ये वायुदळातल्या तरुणांच्याही आहेत. दगडांवरची वये वाचली की बहुतेक जण विशी-पंचविशीतले निघतात. दिवसाची सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

दापोडीच्या वर्कशॉपचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. चासी बाहेरून यायची आणि तिच्यावर सबंध गाडी इथे उभी राहायची. महाराष्ट्रात अशी तीन मध्यवर्ती वर्कशॉपे : दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. सुरुवातीची गाडी लाकडाची, म्हणजे ती सुताराने बांधलेली. पुढे अॅल्युमिनियमचा पत्रा आला, मग पोलाद. घाटातल्या वळणांत सांधा कुठे सैल होतो, कोकणच्या पावसात पत्रा कुठे आधी सडतो, पाठीमागच्या बाकाखाली आडवी पट्टी का वाढवली, हे कागदावर कमी आणि हातांत जास्त होते. जुनी गाडी लिलावात भंगारवाल्याकडे जाते, त्याला इलाज नाही. लाखो किलोमीटर धावलेल्या प्रत्येक डब्यासाठी छप्पर कुठून आणणार? पण ज्यांनी ती बांधली त्यांचे बोलणे नोंदवून ठेवायला छप्पर लागत नाही. १९४८ साली विशीत असलेला सुतार आज शंभरीला टेकलेला असेल, त्याच्यापर्यंत पोचायला आपल्याला उशीर झाला. साठच्या दशकात भरती झालेले मात्र अजून ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतले पुष्कळ जण आसपासच राहतात, आणि त्यांच्याकडे जायला लोणावळ्याच्या लोकलने दापोडी स्टेशनवर उतरणे पुरते.